जिएनबाईंविरुद्धचा अर्ज मी मागे का घेतला

चियाई, शुक्रवार, दुपार

ती. अक्कास,

पाठच्या भावाचा वाकून नमस्कार. तू, दाजी, दाजींचा उजवा गुडघा आणि डोंगरापलीकडचं तुमचं अख्खं हुआलिएन खुशाल आहे असं धरून चालतो, कारण इकडे मी खुशाल नाही. तब्येत तशी बरी आहे (रक्तदाब कालच मोजला, डॉक्टरांनी दोनदा मोजला, ती गोष्ट वेगळी), पण मला असा धक्का बसलाय की पाच दिवस झाले, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतोय. फोनच करणार होतो. पण तुमच्याकडे फोन दाजी उचलतात आणि कानावर पडलेलं प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून दाखवतात. ही गोष्ट मोठ्याने म्हणण्यासारखी नाही. दाजींचा दुपारी डोळा लागला की मगच पुढचं वाच.

पाओ-ल्यान गेल्या महिन्यात शू-हुईच्या बाळंतपणाला काओश्युंगला गेली हे तुला ठाऊकच आहे. जाताना माझ्यासाठी आठ दिवसांचं अन्न डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवून गेली आणि प्रत्येक डब्यावर वार लिहून गेली. तिच्या विसराळूपणाबद्दल मी तुला दोन पत्रं लिहिली होती. मी कारखान्यातून निवृत्त होऊन घरी बसल्यापासून ही बाई रोज बरोबर अकरा वाजता काहीतरी विसरायची. कधी मीठ, कधी आलं, एकदा तर तांदूळ. आणि मला पिटाळायची ती कोपऱ्यावरच्या दुकानात नाही, पार स्टेशनापलीकडच्या बाजारात, कारण म्हणे तिथलं आलं तिखट असतं. मी बाराला घामाघूम होऊन यायचो, तोवर ताट वाढलेलं. आल्यावाचून! मला वाटलं, बायको म्हातारपणाच्या आजाराकडे चालली. त्यात ती काओश्युंगला गेल्यावर आठच दिवसांत शू-हुईचा फोन आला, "बाबा, आईला काय झालंय हो? बाळंतिणीला देतात ती तिळाच्या तेलातली कोंबडी तीनदा करायला घेतली, तिन्हीदा पातेलं काळं. शेवटी जावईच करायला लागले." मी पोरीला म्हटलं, आई थकली आहे, तिला बोलू नकोस. आणि फोन ठेवून रडलो, अक्का. खरंच रडलो.

आता जिएनबाईंच्या दुकानाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या छपराखाली त्यांचं भाताच्या डब्यांचं दुकान आहे. आत बसायला जागा नाही. समोर भाज्यांची परातीएवढी भांडी, पुठ्ठ्याचा डबा घ्यायचा, त्यात भात, त्यावर तळलेली तंगडी नाहीतर सोयात शिजवलेलं मांस, बाजूला तीन भाज्या, वर रबरबँड, आणि चालू लागायचं. शाळेतल्या बाईंपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना परवडतं, म्हणून दुपारी तिथे ही गर्दी. त्यांच्या स्कूटर माझ्या फाटकासमोर, त्यांच्या पंख्याचा धूर माझ्या वाळत घातलेल्या सदऱ्यांवर. चौतीस वर्षं त्या दुकानावरून जाता-येता मी नाक मुरडत आलो. ज्याच्या घरी पाओ-ल्यानसारखी सुगरण आहे त्याने पुठ्ठ्यातलं का खावं? तुलाही मी हे किती वेळा ऐकवलं असेल. (तू केलेला डुकराच्या मांसाचा रस्सा खाऊन तुझ्याच घरात मी म्हणालो होतो की चार दिवस आमच्याकडे राहून पाओ-ल्यानकडून शिकून घे. दाजी हसले होते. तू हसली नव्हतीस.)

निवृत्त माणसाला वेळ असतो. तेव्हा मी त्या दुकानाविरुद्ध अर्ज तयार केला. धूर, स्कूटर, सांडपाणी, असे सतरा मुद्दे. घरोघर जाऊन एकोणीस सह्या घेतल्या. लोक सह्या करताना गालातल्या गालात हसत होते हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मला वाटलं माझ्या अक्षराचं कौतुक आहे. फक्त शेजारचे होंग, ते निवृत्त पोस्टमन, पेन हातात घेऊन म्हणाले, "पाओ-ल्यान वहिनींना विचारलंत का?" मी म्हटलं, बायकांचा यात काय संबंध? "तसा काही नाही," म्हणाले, आणि सही न करता दार लावून घेतलं. आतून खोकल्यासारखा आवाज बराच वेळ येत होता. वॉर्डप्रमुखांनी अर्ज ठेवून घेतला आणि सुनावणीची तारीख दिली. त्यानंतर चारच दिवसांनी पाओ-ल्यान काओश्युंगला गेली.

आठ दिवसांत डबे संपले. नवव्या दिवशी शेवया उकडल्या, त्या पातेल्याच्या आकाराच्या निघाल्या. दहाव्या दिवशी बिस्किटं. अकराव्या दिवशीही बिस्किटं. बाराव्या दिवशी मी वही-पेन्सिल घेऊन भर दुपारी दुकानासमोर उभा राहिलो. स्कूटरी मोजायला बरं का, दुसऱ्या कशालाही नाही. रांगेत कसा ढकललो गेलो ते मला सांगता येणार नाही. वास येत होता एवढं आठवतं. माझी पाळी आली तशी जिएनबाईंनी मान वर करून पाहिलं, हातातला चिमटा खाली ठेवला आणि ओरडल्या, "अगंबाई, लियावभाऊ! शेवटी स्वतः आलात होय!"

मी काही बोलायच्या आत त्यांनी डबा भरायला घेतला. मला विचारलं नाही, अक्का. एक शब्द विचारला नाही. तंगडी नाही. मांस, त्यातही चरबी कमी असलेला तुकडा शोधून. अंडी दोन. मोहरीच्या पाल्याचं लोणचं भाताला लागू नये म्हणून वेगळ्या पुडीत. भातावर रस्सा ओतला नाही, बाजूला. कारल्याच्या भांड्यावरून हात तसाच पुढे नेला. साऱ्या तैवानात माझ्या खाण्याचे हे नखरे फक्त एका बाईला माहीत आहेत असं मी मानत होतो, आणि ती बाई काओश्युंगला होती. मी डबा घेऊन पळालो म्हटलं तरी चालेल.

घरी येऊन रबरबँड काढला. पहिला घास घेतला. माझी जीभ तुला ठाऊक आहे. चाळीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली, उसाच्या गाडीत पावशेराचा फरक असला तरी मला कळायचा, आणि जिभेचा काटा त्याहून पक्का. तो घास पाओ-ल्यानच्या हातचा होता. तिच्यासारखा नव्हे. तिचाच. तेच चक्रीफूल, तोच किंचित करपवलेल्या साखरेचा कडवटपणा, तेच बोटाने दाबलं तर सुटणारं मांस. मी फ्रीजमधला शेवटचा रिकामा डबा काढला, त्याच्या कडेला चिकटलेला रस्सा बोटाने चाटला, मग हा चाटला. पुन्हा तो. पुन्हा हा. आणि मग जमिनीवर बसलो.

पहिला विचार असा आला की जिएनबाईंनी माझ्या बायकोची कृती चोरली. अर्जात अठरावा मुद्दा घालायचा असं ठरवून मी तसाच परत गेलो. तोवर गर्दी ओसरली होती, जिएनबाई भांडी घासत होत्या. मी म्हटलं, हे मांस तुम्ही कुठून शिकलात ते आत्ताच्या आत्ता सांगा! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या उघड्या डब्याकडे, आणि त्यांच्या तोंडावरचा रंगच उडाला.

"म्हणजे वहिनींनी सांगून तुम्हाला पाठवलं नाही?"

"काय सांगून?"

"मेले मी," म्हणाल्या आणि उलट्या बादलीवर बसल्या. "चौतीस वर्षं तोंड शिवलं होतं हो मी. मला वाटलं, वहिनी गावाला गेल्या तर जाताना सगळं सांगून गेल्या असतील."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्या लग्नाच्या पहिल्या आठवड्यात पाओ-ल्यान छत्र्यांच्या कारखान्यातून दमून यायची आणि स्वयंपाक करायची. मी एक घास खायचो आणि म्हणायचो, ठीक आहे, पण आईच्या हाताची चव नाही. सात दिवस म्हणालो. आठव्या दिवशी ती जिएनबाईंकडे येऊन रडली. नवव्या दिवसापासून घरचं पातेलं छत्रीच्या पिशवीत घालून यायची, भरून न्यायची, चुलीवर ठेवायची, आणि घरात वास सुटावा म्हणून तेलात दोन लसणीच्या पाकळ्या परतायची. मी दारात पाऊल टाकलं की डावाचा आवाज करायची. हा आवाज अक्का, तो डावाचा आवाज ऐकून मला संसार काय असतो ते कळायचं!

"गल्लीत कोणाकोणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"तुम्ही सोडून?" जिएनबाई म्हणाल्या. "तुम्ही सोडून सगळ्यांना."

त्या दिवशी मी फार रागावलो होतो. काओश्युंगला फोन लावला, पाओ-ल्यानने उचलला, आणि पहिलंच विचारलं, "जेवलात का?" मी म्हटलं, जेवलो. काय जेवलो ते विचारलं. मी म्हटलं, शेवया. ती एवढी हळहळली, "आले की तुमचं आवडतं मांस करते," म्हणाली, आणि माझ्या तोंडून जे निघायचं होतं ते निघेना. फोन ठेवून बसलो तर नको ते आठवायला लागलं. कारखान्याच्या मासिकात मी तिच्या स्वयंपाकावर दोन पानं लिहिली होती, ती छापून आली तेव्हा तिने मासिक उशीखाली सरकवलं होतं. मी समजलो लाजली. आणि हेही आठवलं की माझ्या सोबत्यांच्या बायका संध्याकाळी चुलीशी असायच्या, आणि माझी बायको मी आल्यावर ओसरीवर माझ्याजवळ बसून तासभर माझ्या उसाच्या गाड्यांच्या गोष्टी ऐकायची. चौतीस वर्षं रोज. तेवढा वेळ तिला कुठून मिळतो, हे मी एकदाही विचारलं नाही.

मंगळवारी सुनावणी झाली. वॉर्डप्रमुखांच्या खोलीत अख्खी गल्ली, जिएनबाई नवीन कपडे घालून, भांड्यांवर झाकणं ठेवतात तसे दोन्ही हात मांडीवर. दुकान हलवायला सांगितलं तर शहराबाहेर जावं लागेल, मग इथलं कोणी येणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. वॉर्डप्रमुख म्हणाले, लियावसाहेब, आपले सतरा मुद्दे वाचा. मी उभा राहिलो. म्हटलं, अर्ज मागे घेतो. का म्हणून विचारलं. मी म्हटलं, त्या धुरामुळे आमच्या गल्लीत डास नाहीत. मग होंग उठले आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बरोबर आहे. माझ्याकडे चौतीस वर्षांत एक डास आला नाही." त्यावर जे हसू फुटलं ते जिन्यापर्यंत ऐकू गेलं. मी टोपी घातली आणि बाहेर पडलो. जिएनबाई मागून धावत आल्या आणि माझी बाही दोन बोटांत धरून उभ्या राहिल्या.

पाओ-ल्यानला यातलं अवाक्षर सांगायचं नाही असं मी ठरवलं आहे. गल्लीलाही तशी शपथ घातली आहे. (गुपित ठेवण्याची या गल्लीला सवय आहे हे आता मला पटलंय.)

दाजींना नमस्कार. गुडघ्याला आल्याचा शेक द्यावा.

तुझा,
ते-शेंग

ता.क. खरं काम राहिलंच. पाओ-ल्यान पुढच्या बुधवारी येते. मी दिवसभर घरात, तर तिने पातेलं घेऊन बाहेर पडावं कधी? रोज आलं आणायला पाठवून बिचारीची कारणं संपत आली असतील. मी आपण होऊन बाहेर जायला लागलो तर तिला संशय येईल. म्हणून तू तिला फोन कर. सांग की, ते-शेंगचा रक्तदाब वाढलाय, त्याला रोज अकरा ते बारा सक्तीने फिरायला पाठव, घरात थांबू देऊ नकोस. मी कुरकुर करीन, पण तिने ऐकू नये. पावसातसुद्धा पाठव म्हणावं.

ता.ता.क. आणखी एक. लिहू की नको करत होतो. जिएनबाईंच्या सासूबाई अजून आहेत, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. दुकानाच्या मागे बसून उकडलेली अंडी सोलतात. काल मला पाहून म्हणाल्या, "हा त्या दोन वेण्यांच्या पोरीचा धाकटा भाऊ ना? आमची देवळामागे हातगाडी होती तेव्हा ती निळ्या फडक्यात पातेलं बांधून यायची. आई म्हणायची, भाऊ झोपलाय तोवर घेऊन ये." आणि पुढे म्हणाल्या की नव्या सुनेला आमच्या मागच्या दाराची वाट दाखवली तीही तुमच्या आईनेच.

अक्का, आपल्या घरात दोन वेण्या फक्त तू घालायचीस.

म्हातारीला भ्रम झाला असेल. यावर पत्रात काही लिहू नकोस. खोटं असेल तर मात्र लगेच फोन कर, दाजींनी मोठ्याने म्हटलं तरी चालेल. फोन आला नाही तर मी काय ते समजेन. घाई नाही.