शेपटीची चार अक्षरं

३ नोव्हेंबर
आले एकदाची. सुनेचं फुगलेलं तोंड बघत बसण्यापेक्षा परक्याची राख उपसलेली बरी. डॉक्टर थर्लबींचं घर मोठं, माझी खोली कोरडी, आणि स्वैपाकीण टॅम्सिन जाडजूड नि तोंडाळ, म्हणजे माझ्याच वळणाची. मटणाच्या पुडिंगचा हा एवढा तुकडा वाढून म्हणाली, खा केझाया आजी, तुझी हाडं मोजता येतात. मी म्हटलं, तुझी तर अजून सापडायचीत.

काम सोपं. बागेत पत्र्याची खोली आहे, तिथं डॉक्टर जुन्या इंग्रजी शब्दांचा कोश रचतात. भिंतभर खण, खणांत चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, खाली तो ज्या पुस्तकात सापडला तिथलं वाक्य. सकाळी सातला मी शेगडी पेटवायची. बाद चिठ्ठ्या टोपलीत असतात, त्याच पेटवणाला घ्यायच्या. लिहायला मला नातीनं शिकवलं. चुका असतील तर तिच्या.

५ नोव्हेंबर
टोपली काठोकाठ. सगळ्या चिठ्ठ्या एकाच हाताच्या, अक्षर बारीक, सुबक. मी एकेक अक्षर लावून वाचते, तरी एक कळलं: प्रत्येक शब्दाच्या शेपटीला तीच चार अक्षरं, डब्ल्यू-आय-एफ-ई. फिशवाइफ, एलवाइफ, ऑयस्टरवाइफ. मासळीवाली, दारू गाळणारी, कालवं विकणारी. जुन्या बोलीत वाइफ म्हणजे कुणाची बायको नव्हे, नुसती बाई.

टॅम्सिन म्हणाली, बाईसाहेबांनी वीस वर्षं हे शब्द वेचले. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. आता डॉक्टर म्हणतात, बाजारातल्या बायकांचा कलकलाट माझ्या कोशात नको. टॅम्सिन त्या चिठ्ठ्यांना हात लावत नाही. म्हणे, गार चहा पिईन, पण ह्यांच्यावर उकळणार नाही. मी हसले. कागद तो कागद. झकास पेटले.

एक तेवढी काढून पोलक्यात ठेवली. हेनवाइफ. माझी आई जमीनदाराच्या कोंबड्या राखायची, सगळा गाव तिला ह्याच नावानं हाक मारायचा. तिच्या थडग्यावर दगडसुद्धा नाही. कोशात तरी असू द्या, असं डॉक्टरांना म्हटलं. ते म्हणाले, म्हातारे, कोंबड्यांना कोश लागत नाही. जाळ तीही.

नाही जाळली.

८ नोव्हेंबर
पत्र्याच्या खोलीत मासळीचा वास. राख उपसली तर त्यात खवले. चोळून पाहिले, खरेच होते. फरशीवर ओली अनवाणी पावलं. शेगडीतून निघून दाराकडे गेलेली. शेगडीकडे जाणारी एकही नाही. डॉक्टर माझ्यावरच खेकसले, तू मासे भाजतेस का इथं?

१० नोव्हेंबर
काल आंबलेली दारू. आज शिंपले. ज्या क्रमानं मी जाळल्या त्याच क्रमानं येताहेत.
डॉक्टरांच्या मनगटावर भाजल्याचा डाग. म्हणे शेगडी लागली. शेगडीला पाच बोटं नसतात.

११ नोव्हेंबर
राखेवर एक चिठ्ठी. करपलेली नाही. बाईसाहेबांचंच अक्षर. एकच शब्द. लावायला मला बराच वेळ लागला.
कोणी?
मी खुंटीवरची डॉक्टरांची टोपी काढली नि त्या चिठ्ठीवर ठेवली.

१२ नोव्हेंबर
सकाळी डॉक्टर आत गेले. मी बाहेरून कडी घातली. माझ्या आईला कोंबड्यांत मोजलं होतं त्यानं.
आत बायकांचा गलका, भर बाजारासारखा. मधेच त्याचा एकट्याचा आवाज — केझाया, दार उघड — मग तोही नाही.
टॅम्सिननं खिडकीतून सगळं पाहिलं. किटली चढवली.

१३ नोव्हेंबर
कडी काढली. आत कोणी नाही. शेगडी गरम. राख नेहमीपेक्षा पुष्कळ —
वाटलं, मिटलं आता. तोच पावलं दिसली. दारातून बाहेर आलेली. बागेतून सरळ, माझ्या खोलीकडे.

१४ नोव्हेंबर
टॅम्सिन गेली. एप्रनसुद्धा नाही सोडला. जाताना एवढंच म्हणाली, सांगितलं होतं ना तुला —
दुपार झाली. दाराबाहेर मासळी. दारू. शिंपले करकरतात पायांखाली. मी ओरडले, अगं बायांनो, हुकूम त्याचा होता —
करकर थांबली.
दाराखालून पीस आलं. कोंबडीचं.
आई —
चिठ्ठी दाखवली तिला. बघ, तुझी नाही जाळली गं, तुझी नाही —
म्हणते, आणि ह्यांची?
म्हणते, हुकूम त्याचा. काडी कोणाच्या हा