सिरिलचा राहिलेला नेम

मी, मेव्हिस एडिथ ऑर्टन, वय अठ्ठ्याहत्तर, कै. सिरिल ऑर्टन यांची पत्नी, राहणार रेडिच, वूस्टरशर, स्प्रिंगच्या कारखान्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या पेनाने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदय तेवढं नाही, असं डॉक्टर म्हणतात, पण मृत्युपत्राला डोकं पुरतं. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. ते आणायला आता घरात कुणी उरलेलं नाही. याआधी मी काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेत असेल ती रक्कम माझी मुलगी जॅनेट हिला मिळावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिच्या नवऱ्याने, म्हणजे कॉलिनने, सल्ला द्यायला हरकत नाही. तो कुणी ऐकावा असं बंधन नाही.

२. परसातल्या रुबार्बचे गड्डे शेजारीण ब्रेंडा हिल्डिच हिला देणार होते. पण ती साक्षीदार म्हणून सही करणार आहे आणि कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तेव्हा ब्रेंडाने ते मी जिवंत आहे तोवर खणून न्यावेत. कुदळ कोळशाच्या खोलीत आहे.

दुसरा साक्षीदार हॉरेस पिनफोल्ड, सिरिलच्या नेमबाजीच्या संघातला. त्याला मी मुद्दाम निवडलं आहे. सिरिलच्या बंदुकीवर त्याचा चाळीस वर्षं डोळा आहे. आता बघ म्हणावं.

३. माझी हत्यारं: शिकंजा, कानसांचा संच, लांब पकड, आणि स्प्रिंग दाबून धरायची लाकडी चौकट, जी मी जॅनेटच्या जुन्या पाळण्याच्या फळ्यांतून केली. ज्याला छऱ्याची बंदूक घरी उघडायची आहे अशा कुणालाही ती द्यावीत, मात्र त्याने आधी पुढचा मजकूर वाचावा. बंदुकीच्या पोटातली स्प्रिंग दबलेली असते. मागची खीळ तशीच फिरवून काढली तर ती तोफेसारखी बाहेर येते. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सिरिलने चौकटीशिवाय खीळ काढली. ती दाराच्या काचेतून थेट शेजारच्यांच्या कोबीत गेली. तो म्हणाला, "मेव्हिस, खीळ सैल होती वाटतं." मी म्हटलं, "खीळ नाही, तू." त्यानंतर या घरात बंदुका मी उघडल्या आणि बटाटे त्याने सोलले. दोन्ही कामं उत्तम झाली.

आणखी एक. पोरांना वाटतं, कडक स्प्रिंग घातली की बंदूक चांगली झाली. हा अडाणीपणा आहे. कडक स्प्रिंगने बंदूक खांद्यावर उडी मारते आणि नेम जातो. स्प्रिंग बेताची हवी, तिची टोकं सपाट घासून गुळगुळीत केलेली हवीत. दट्ट्याच्या आत साखरेच्या पाकाच्या डब्याचा पातळ पत्रा गुंडाळून बसवावा, म्हणजे स्प्रिंगला थरथरायला जागा राहत नाही. दट्ट्याच्या तोंडाचा चामड्याचा वायसर मेंढीच्या चरबीत मुरवावा. मग चाप ओढल्यावर झणझण होत नाही, फक्त एक 'ठप्' होतो. अशा बंदुकीला आम्ही 'गप्प आहे' म्हणायचो. दर बुधवारी 'थॅचर्स आर्म्स' पबमध्ये लोखंडी पाटीच्या भोकातून पलीकडची घंटा वाजवायची शर्यत असे, आणि आमच्या संघाच्या सगळ्या बंदुका गप्प होत्या. पाहुण्या संघाची माणसं हातातला ग्लास तसाच धरून ऐकत राहायची. आजही ती संध्याकाळ आठवली की बिअर, ओले कोट आणि पाटीवरचा पांढरा रंग यांचा वास नाकात येतो, आणि त्या गर्दीत सिरिलची पाठ दिसते. फार सुखाचे दिवस होते ते.

~~४. सिरिलची बंदूक माझ्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात आहे. नळीचं तोंड विटांच्या भिंतीकडे आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात आहे. सावधान: ती ताणलेली आहे आणि आत छर्रा आहे. कॉलिनने हात लावू नये.~~

~~असं का, ते सांगते. १९९२च्या वसंतातला रविवार. मी तिला नवा वायसर बसवून दिला होता. सिरिल नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. समोर कोळशाच्या खोलीत आमची पाटी आणि घंटा. त्याने बंदूक ताणली, छर्रा भरला आणि म्हणाला, "थांब, चष्मा आणतो." तो परत आला नाही. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होता, चष्मा हातात.~~

~~स्प्रिंग रात्रभरसुद्धा ताणून ठेवू नये, ती मरते, असं मी संघातल्या प्रत्येकाला बजावत आले. पण ही बंदूक ताण सोडून ठेवता येत नाही, बार काढावाच लागतो. आणि तो नेम सिरिलचा होता. मला तो काढवला नाही. एकोणीस वर्षं झाली. ते काम मी नीट केलं होतं की नाही, हे मला कधी कळलंच नाही. माझ्यामागे जॅनेटने एखाद्या जाणत्याकडून तो बार कोळशाच्या खोलीत काढून घ्यावा.~~

५. हे कलम 'थॅचर्स आर्म्स'मध्ये बुधवारी, शर्यत सुरू होण्याआधी, मोठ्याने वाचावं अशी माझी इच्छा आहे.

संघाच्या बंदुका सिरिल ऑर्टनने दुरुस्त केल्या नाहीत. मी केल्या, सगळ्या. तो त्या घरी आणायचा आणि पोचवायचा. संघाच्या वार्षिक जेवणात मी हॉरेसला म्हटलं होतं, "तुझी बंदूक झणझणते रे." त्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मेव्हिस, बंदुकीचं सिरिल बघेल. तू सँडविचचं बघ." सगळं टेबल हसलं. मीही हसले, कारण सिरिलचं नाव होत होतं आणि मला तो मोठा व्हायला हवा होता. त्यानंतर हॉरेसची बंदूकही मीच गप्प केली. मनात आणलं असतं तर तिची वाट लावता आली असती. पण मी स्प्रिंगच्या गावची आहे. वाईट काम करायला हात धजावत नाही. सिरिल गेल्यावर मात्र एकानेही माझ्या दारात बंदूक आणली नाही. कारागीर गेला, असं त्यांना वाटलं असणार. आता मी मेल्यावर तरी त्यांना खरं कळावं. मला त्याचं फार वाटतं, हे इथे लिहून ठेवते.

६. अंत्यविधीला हॅम सँडविच नकोत.

७. येथून पुढचं त्याच दिवशी दुपारी, साक्षीदार समोर बसलेले असताना लिहीत आहे. मी कागद वाचून दाखवत होते. चौथं कलम संपलं तेव्हा हॉरेसने कप खाली ठेवला.

"अजून ताणलेली आहे? मेव्हिस, तू? अगं, एकदा पबमध्ये मी जेवायच्या सुटीत माझी ताणून ठेवली होती तर आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस!"

"वाचू का पुढे?"

"आधी ती बाहेर काढ. त्याशिवाय मी सही करत नाही."

ब्रेंडा म्हणाली, "मेव्हिसमावशी, मला भीती वाटते हो."

"भिंतीला टेकून उभी राहा आणि बोलू नकोस," मी म्हटलं आणि किल्ली काढली.

बंदूक मी त्याच्या हातात दिली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, पण मी अजून मेलेली नाही, एक बार द्यायला हरकत नाही. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

"नेम त्याचा, काम तुझं," तो म्हणाला. "मी नुसता चाप ओढणार."

तो दारात उभा राहिला. फार वेळ लावला. मग 'ठप्'. घंटा वाजली नाही. छर्रा भोकाच्या बोटभर खाली लागला होता. वायसर सुकलेला, दुसरं काय होणार! मी पाटीकडे बघत होते. हॉरेसने तिकडे पाहिलंही नाही. तो बंदूक कानाशी धरून उभा होता.

"गप्प आहे," तो म्हणाला. "मेव्हिस, अजून गप्प आहे गं."

ब्रेंडाने पाणी दिलं. मग मी त्याला पाचवं कलम वाचायला दिलं, कारण माझ्याने ते वाचवेना. त्याने दोनदा वाचलं.

"हे पबमध्ये वाचायचं?"

"हो."

"हसतील सगळे."

"का? खोटं वाटेल त्यांना?"

"नाही. आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे म्हणून." त्याने कागद खाली ठेवला. "सिरिलनेच सांगितलं होतं, पहिल्याच वर्षी. दुरुस्त झालेली बंदूक टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, 'घ्या, बाईसाहेबांनी पाठवली आहे.' छाती अशी फुगलेली! आणि वर दम द्यायचा, 'तिच्यापाशी बोलू नका. मी सांगितलं असं कळलं तर रागावेल.' अगं, त्या माणसाला दिव्याचा फ्यूज बदलता येत नव्हता. तो काय स्प्रिंग घासणार?"

"मग तू ते सँडविचचं बोललास?"

"तेव्हा मी संघात नवा होतो, मला माहीत नव्हतं. नंतर कळलं. मग माफी मागायची तर त्याने सांगितलं हे उघडं पडणार. मूर्ख होतो मी, मेव्हिस. चुकलं माझं."

"आणि एकोणीस वर्षं कुणी आलं का नाही?"

"काय म्हणून येणार? सिरिल होता तेव्हा बंदूक त्याच्या हातात देता यायची. तुझ्या दारात यायचं तर सगळं बोलावं लागलं असतं. तोंड नव्हतं कुणाला." त्याने सिरिलच्या बंदुकीवरून हात फिरवला. "माझी तेव्हापासून झणझणते आहे. तीच घेऊन खेळतो. सगळ्यांच्या झणझणतात. गेल्या दहा वर्षांत आम्ही एकदाही जिंकलो नाही."

मी रडले, हे साक्षीदारांनी पाहिलं आहे, तेव्हा लपवत नाही. मला वाटायचं, मी सिरिलला मोठं करत होते. तो माझ्या माघारी तेच करत होता.

८. सबब, चौथं कलम खोडलं आहे. खाडाखोडीच्या बाजूला आम्हा तिघांची आद्याक्षरं आहेत. बंदूक मोकळी आहे. माझ्यामागे ती संघात जो सगळ्यात नवा असेल त्याला वापरायला द्यावी आणि त्याने ती कपाटात ठेवू नये. पाचवं कलम कायम आहे, फक्त ते माझ्या मरणाची वाट न बघता येत्या बुधवारी वाचलं जाईल. मी स्वतः वाचणार आहे.

९. या मृत्युपत्राची घाई कुणीही करू नये. सोमवारी सकाळी हॉरेसची बंदूक येते आहे. तिच्यामागे आणखी सहा आहेत.

स्थळ: रेडिच. शनिवार, १५ ऑक्टोबर २०११.

मेव्हिस एडिथ ऑर्टन (सही)

वरील सही आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत झाली. सही करणारी पूर्ण शुद्धीवर होती आणि तिने आम्हाला दोनदा चहा दिला.

साक्षीदार: ब्रेंडा हिल्डिच (सही)

साक्षीदार: हॉरेस पिनफोल्ड (सही, हात कापतो, अक्षर माझंच आहे)