दाराभोवतीच्या पट्ट्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

दार बसलं! बसलं, बसलं, बसलं! पुढच्या खोलीला थेट गल्लीत उघडणारं दार! आता माझ्या वर्गाच्या बायकांना स्वयंपाकघरातून, बाबांच्या बनियनसमोरून लाजत यावं लागणार नाही. पंधरा तारखेला, रविवारी पहिला वर्ग. मोठ्या बायकांसाठी वाचणं-लिहिणं — अगदी पहिल्या अक्षरापासून. घरातली पहिली पदवीधर आहे मी. ती पदवी काय भिंतीवर टांगायला घेतली?

एकच गोम. आतल्या बाजूने चौकट आणि भिंत यांच्यात बोटभर फट राहिलीय. विटा दात काढून हसताहेत. सुतार म्हणाला, "वरून लाकडी पट्ट्या मारल्या की झालं," आणि दुसऱ्या कामावर पसार!

बाबा म्हणाले, "आपण मारू. त्यात काय!"

हे "त्यात काय" आमच्या घराण्याला नेहमी महागात पडतं.

४ फेब्रुवारी

बाहेर वर्गाचा कागद चिकटवला. शिवणकामवाल्या काकू थांबल्या. "काय लिहिलंयस गं?" सांगितलं. "या वयात शिकून काय मंत्रीण व्हायचंय?"

"व्हा की!" म्हटलं. हसत हसत गेल्या. पण थांबल्या तर होत्या!

आईला म्हटलं, तूही बस, जरा गर्दी दिसेल. "मला येतं की! चौथी झालेय मी," म्हणाली आणि भाजी परतायला गेली.

कोणीच आलं नाही तर? छे. दार असलं की माणसं येतात.

७ फेब्रुवारी

मामा आला. एकदा रेडिओ दुरुस्त केला होता, तेव्हापासून घरात त्याला 'इंजिनियर' म्हणतात. रेडिओ पुन्हा कधी बोलला नाही, ती गोष्ट वेगळी.

८ फेब्रुवारी, रविवार

आज पट्ट्या! बाबांनी चौकटीच्या कडेपासून थोडी जागा सोडून पेन्सिलने रेघ मारली. पट्टी रेघेवर बसवायची, म्हणजे बिजागऱ्या मोकळ्या राहतात. कोपऱ्यात उभी आणि आडवी पट्टी तिरकी कापून एकमेकींना भिडवायची. पहिली उभी पट्टी मामाने अशी सुरेख कापली की आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्याने ती दुसरीवर ठेवून हुबेहूब तशीच दुसरी कापली.

दोन्ही डाव्या!

"उजवीकडची उलट कापायची ना रे!" — बाबा.

"दाजी, मी जुळी केली. जुळ्यात डावं-उजवं करू नये."

आई पदर तोंडाला लावून हसत होती. नवीन पट्टी आणली, कापली. भिंत एका ठिकाणी पोट काढून उभी, तिथला गिलावा छिन्नीने खरवडला. ठोक ठोक ठोक! एक कोपरा असा जुळलाय की नखही शिरत नाही. दुसऱ्यात मुंगी संसार थाटेल. तिथे भेगा बुजवायची लांबी लगद्यासारखी दाबून भरली.

मी मागे जाऊन बघितलं, पुढे येऊन बघितलं. दार एकदम शिकल्यासारखं दिसायला लागलं!

९ फेब्रुवारी

मला कामावर जायचं होतं. आईला म्हटलं, पट्ट्यांना प्रायमर लावून ठेव, डबा कोपऱ्यात आहे. संध्याकाळी बघितलं, तर काय निगुतीने लावलाय! चौकटीच्या कडासुद्धा सोडल्या नाहीत. धूळ नको म्हणून दारही लावून घेतलंय. गुणाची माझी आई!

१० फेब्रुवारी

दार उघडेना!!

बाबांनी ओढलं. मी बाबांना ओढलं. शेवटी मामाला बोलावलं. त्याने बोटाने चाचपलं, वास घेतला आणि म्हणाला, "ताई, हा प्रायमर नाही गं. हा लाकडाचा गोंद!"

दोन्ही डबे पांढरे, दोन्हींत पांढरंच, पण वर हे एवढाल्या अक्षरांत नाव! बाबा म्हणाले, "चला, चोरांची काळजी मिटली." मामा म्हणाला, "आता वर्ग खिडकीतून भरव."

आई म्हणाली, "चष्मा नव्हता रे माझ्याजवळ." आणि चष्मा तिच्या नाकावर! हसून हसून पुरेवाट झाली. तीही हसली, पण आधी जरा लालबुंद झाली. मग म्हणे, चहा टाकते.

बाबांनी पटाशीने हळूहळू सगळी फट मोकळी केली. एका पट्टीचा टवका गेला. दार मात्र उघडलं. उघडताना असा आवाज केला, जणू आमच्यावरच रागावलंय.

१२ फेब्रुवारी

खरवडलं, घासलं, आता खरा प्रायमर. दोन्ही डबे समोर धरून मी आईला मोठ्याने नावं वाचून दाखवली. मामा खो खो. आई म्हणाली, "पुरे आता." पुरे तर पुरे.

१४ फेब्रुवारी

पट्ट्यांना निळा रंग. सतरंजी अंथरली. पाट्या पुसल्या. नाव कोणीच दिलेलं नाही. तरी दार दहादा उघडून बघितलं. उघडतंय.

१५ फेब्रुवारी, रविवार

वेळ झाली, कोणी नाही. मी सतरंजीवर एकटी.

मग दारावर टकटक. उघडलं — आई! इस्त्रीची साडी, हातात पाटी. मागच्या दाराने निघून सगळ्या गल्लीला वळसा घालून आली होती.

"अगं, घरातून का नाही आलीस?"

"घरातून आले असते, तर पाणी द्यायला आले असं वाटलं असतं तुला."

चपला बाहेर काढल्या. चष्मा काढून माझ्या हातात दिला. "याचा काही दोष नाही गं. चौथी-बिवथी काही नाही. पहिल्या अक्षरापासून आहे ना?"

तिच्या मागे शिवणकामवाल्या काकू. "मी आपली हिला सोबत म्हणून आलेय हं!"