मंडळी थोडी, खाती फार

तीर्थरूप आईंना थोरल्या सुनेचा वाकून नमस्कार. (उजव्या हाताला पीठ आहे. कागदावर कुठे पांढरं दिसलं तर ते मायेचं समजावं.)

तुमचा गुडघा कसा आहे? नव्या चष्म्याचा नंबर जुळला का, की अजून एका पायरीच्या दोन दिसतात? आप्पांनी डॉक्टरांशी अबोला सोडला असेल अशी आशा आहे. भांडायचं त्यांनी आणि दवाखान्यात औषधं आणायला जायचं तुम्ही, हे किती दिवस चालणार? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमच्या चिरंजीवांची तब्येत उत्तम आहे, फक्त डाव्या पोटरीवर जरा खरचटलंय, आणि मध्यंतरी चर्चमधल्या घंटाकाकू त्यांच्याशी बोलत नव्हत्या. ह्या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. तो सांगायचा तर थोडं मागे जायला हवं. (तुम्ही म्हणाल, सूनबाई कधी मागे न जाता बोलली आहे!)

इथे यायच्या आधी हे शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये मोठ्या साहेबांच्या हाताखाली सहायक पाळक होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मोठे साहेब म्हणजे तिथले मुख्य पाळक. ते माडीवर काचेच्या दारामागे बसत. मंडळीतलं साधं माणूस जिन्यात भेटलं तर त्यांना ओळखू येत नसे, पण खात्याचे प्रमुख मात्र अंधारातही ओळखू येत. गायनाचं खातं, स्वागताचं खातं, आजाऱ्यांना भेटायचं खातं, खुर्च्या मांडायचं खातं, आणि खुर्च्या उचलायचं वेगळं. कुणी आजारी पडलं की साहेब खात्याला सांगत, खातं जाऊन प्रार्थना करून येई. मी चेष्टा करत नाही हं. तिथे रविवारी एक उपासना सुटायच्या आत दुसरीची रांग लागायची. एकट्या माणसाने घरोघर फिरायचं म्हटलं असतं तर पहिल्याच गल्लीत त्याचे केस पांढरे झाले असते. तिथे ते चालत होतं आणि शोभतही होतं. आमच्या ह्यांनी ते सगळं मन लावून शिकून घेतलं, आणि नेमकं शिकून झाल्यावर ह्यांना स्वतःचं चर्च मिळालं.

ते हे. पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना बाकं, आणि मंडळी अशी की सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा तर फोटोवाल्याला मागे सरकावं लागत नाही. आधीचे पाळक, ज्यांना सगळे अजून बाबाच म्हणतात, एकहाती कारभार करायचे. किल्ल्यांचा जुडगा कायम कोटाच्या एकाच खिशात, त्यामुळे कोट एका बाजूने लांब झाला होता म्हणे. उपदेश मध्येच थांबवून विचारायचे, का गं, पायाला काय झालं? आणि पायाची सगळी हकिकत ऐकून मग पुढच्या वचनाकडे वळायचे. लोकांचा फार जीव त्यांच्यावर. पण ते गेले (हळहळू नका, निवृत्त होऊन लेकीकडे गेले, मजेत आहेत) तेव्हा दिव्याचं बटण कुठलं आणि पंख्याचं कुठलं हे मंडळीत एकालाही माहीत नव्हतं. आम्ही आलो त्या संध्याकाळी उजेड करायला म्हणून बटण दाबलं तर पंखा इतक्या जोरात सुरू झाला की स्वागताची भाषणं उडून गेली. त्यामुळे ती थोडक्यात आटोपली, हे एक बरं झालं.

ह्यांना वाटलं, इथे शिस्त लावायला भरपूर वाव आहे. पहिल्या आठवड्यात घराच्या दारावर भेटीच्या वेळांची पाटी लागली. दुसऱ्या दिवशी घंटाकाकू आल्या. ह्या एकट्या राहतात, चर्चची घंटा वर्षानुवर्षं ह्याच वाजवतात, आणि बाबांच्या वेळेपासून स्वयंपाकघराच्या दारानेच येतात. त्या दाराला पाटी नव्हती. ह्यांनी त्यांना सांगितलं, आधी सचिवांकडून वेळ घ्या. सचिव म्हणजे मी. चुलीपुढे उभी. काकूंनी मला विचारलं, मी म्हटलं आत्ताची वेळ मोकळी आहे, मग त्या पुढच्या खोलीत जाऊन ह्यांच्यासमोर ताठ बसल्या.

"बोला, काय काम होतं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. बसायला आले."

"म्हणजे कशासंबंधी?"

"बसण्यासंबंधी," काकू म्हणाल्या, आणि अर्धा तास बसून गेल्या. ह्यांना त्या सबंध वेळात हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

मग खाती आली. सगळ्या मंडळीला बोलावून ह्यांनी खातेवाटप केलं. आई, पदं मिळाल्यावर माणसं किती खुलतात म्हणून सांगू! निवृत्त पोस्टमास्तर स्वागतखात्याचे प्रमुख झाले. गवंडीदादा वाहनव्यवस्था. नर्सबाई आजाऱ्यांच्या भेटी. कुणी ध्वनी, कुणी चपला, कुणी खिडक्या उघडणे. मी बालविभाग. (विभागात दोन बालकं. दोन्ही आपलीच.) ह्यांनी त्याच दिवशी सगळ्या योजनेचा सुंदर अहवाल लिहून वरच्या कार्यालयात मोठ्या साहेबांकडे पाठवून दिला. रविवार उजाडायची वाटसुद्धा पाहिली नाही.

आणि रविवार उजाडला. हे झगा घालून उभे राहिले, डोळे मिटून प्रार्थना केली, डोळे उघडले, आणि पाहतात तर बाकावर कुणीच नाही. म्हणजे अगदीच कुणी नाही असं नाही, गवंडीदादांचे सासरे होते. ते झोपले होते, आणि जागे असते तरी त्यांना ऐकू येत नाही. बाकी सगळी मंडळी कामावर! स्वागतखातं दारात एकमेकांचं स्वागत करत होतं. वाहनव्यवस्था अंगणात एका सायकलीवर पहारा देत होती, आणि ती सायकल ह्यांचीच होती. भेटींचं खातं न आलेल्यांच्या घरी चौकशीला गेलं होतं, पण कुणाच्याच घरी कुणी सापडेना, कारण जो तो चर्चमध्ये आपापल्या खात्यावर हजर होता. ह्यांनी उपदेश पूर्ण केला. विषय होता 'एकत्र येणे'. मी बालविभागाच्या खिडकीतून पाहत होते. आई, मला हसू आवरेना, आणि ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहवतही नव्हतं. हसता हसता डोळे पुसले, तर बालविभाग म्हणाला, आई रडते.

त्यानंतर दोन दिवस हे खात्यांची यादी पुन्हा पुन्हा तपासत होते. तिसऱ्या दिवशी गवंडीदादा परातीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. (परात म्हणजे आपली स्वयंपाकातली नव्हे, उंचावर काम करायला फळ्या बांधतात तिला ते परात म्हणतात. मीही आधी परातच समजले आणि नको तिथे हसले.) ह्यांनी शिस्तीप्रमाणे भेटींच्या खात्याला फोन लावला. नर्सबाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, मी त्यांच्या खाटेशीच उभी आहे, माझी ड्यूटीच आहे. ते तुम्हाला विचारतायत."

हे गेले. परत आल्यावर मला जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगते. म्हणाले, दारापर्यंत गेलो आणि दारावरची पाटी वाचत उभा राहिलो. इतक्या वर्षांत आजाऱ्याशेजारी एकटा बसलोच नव्हतो, ते माझं खातं नव्हतं. काय बोलायचं ते आठवेना. खिशातून छोटं शुभवर्तमान काढलं, तर गवंडीदादा म्हणाले, "साहेब, प्रार्थना करूच, पण आधी प्लास्टरच्या आत जरा खाजवाल का? जीव जायची पाळी आलीय." मग ह्यांनी नर्सबाईंकडून स्वेटर विणायची सुई आणली, आणि भेटीची वेळ संपेपर्यंत तुमचे चिरंजीव, दोन पदव्या घेतलेले, गवंड्याच्या प्लास्टरमध्ये सुई घालून खाजवत बसले. जरा खाली, डावीकडे, हां, तिथेच. तेवढ्यात दादांनी आपल्या लग्नाची, सासऱ्यांच्या बहिरेपणाची आणि चर्चच्या गळक्या पत्र्याची सगळी कहाणी सांगितली. शेवटी प्रार्थना झाली ती अगदी लहान. पण म्हणे दादांनी हात सोडला नाही. ते ऐकताना मी उगाचच डबे आवरत राहिले.

इथे थांबले असते तर हे पत्र एका पानात संपलं असतं. पण तुमचे चिरंजीव अर्ध्यात थांबणाऱ्यांतले नाहीत. मोठ्या साहेबांसारखं जमत नाही ना, मग बाबांसारखं! पाटी गेली, खाती गेली, सगळं एकट्याने सुरू झालं. पहाटे अंगण ह्यांनी झाडायचं, बाकं ह्यांनी पुसायची, दिवे ह्यांनी लावायचे. स्वागताला दारात हेच आणि गायनाला पेटीवरही हेच, मधलं अंतर धावत. घंटासुद्धा! काकू आल्या तर दोरी ह्यांच्या हातात. ह्यांना वाटलं, बिचाऱ्यांचे श्रम वाचले. काकू आल्या पावली घरी गेल्या, आणि स्वयंपाकघरात यायच्या बंद झाल्या. पोस्टमास्तरही म्हणाले, आम्ही आता नुसतं बसायचं का? (हो, तेच तर आधी हवं होतं, पण हे कुणाला समजावणार?)

मग हे पत्रा दुरुस्त करायला वर चढले. खाली गायनाचा सराव चालू होता. तिसऱ्या कडव्याला कडाड आवाज झाला आणि छतातून एक पाय आला. पोटरीपर्यंत. मोज्याला मी लाल दोऱ्याने रफू केलं होतं, त्यामुळे पाय कुणाचा याची ओळख पटायला मंडळीला मुळीच वेळ लागला नाही. वरून ह्यांचा आवाज आला, "चालू द्या, चालू द्या."

पुढचं पाहण्यासारखं होतं. काकूंनी आवाज ऐकला, धावत आल्या, दोरी पकडली आणि अशी घंटा बडवली की सगळी गल्ली लोटली. समोरचा सलूनवाला एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीसकट आला. टायरवाल्याने लांब शिडी आणली. पोस्टमास्तरांनी बघ्यांना भिंतीच्या कडेने ओळीत उभं केलं. (आयुष्यभराची सवय.) गवंडीदादा प्लास्टर घेऊन अंगणात खुर्चीवर बसले होते, ते तिथूनच ओरडत होते, "पाय ओढू नका, पत्रा वाकवा!" नर्सबाई खाली बाटली आणि कापूस घेऊन तयार. कुणाला कुणी खातं दिलं नव्हतं, आई. हे खाली उतरले तेव्हा काकू समोर आल्या. म्हणाल्या, "घंटा मी वाजवीन. तुम्ही उपदेश करा. आणि पायात चप्पल घाला." अबोला संपला. गंमत म्हणजे पुढच्या रविवारी सलूनवाला, टायरवाला आणि त्यांची मंडळी पाय नेमका कुठून आला ते बघायला आली, वर बघत बाकावर बसली, आणि तिसऱ्या रविवारीही आली. वाढ व्हावी म्हणून ह्यांनी किती पुस्तकं वाचली होती!

पाय सुटला त्या संध्याकाळी हे भांडी पुसत म्हणाले, "साहेबांसारखं केलं तर आहे तीही मंडळी बाकावर बसत नाही, आणि बाबांसारखं केलं तर ती माझ्या दोन हातांपेक्षा मोठी होणार नाही. मग करू काय?" मी म्हटलं, आधी ती कढई पुसा. पण त्यांनी विचार केलेला दिसतोय. आता घंटा काकूंची, छप्पर दादांचं, ओळी पोस्टमास्तरांच्या. हे दुपारी दोन घरी जाऊन नुसते बसतात. हात कुठे ठेवायचे ते जमायला लागलंय.

असो. आमचं सगळं छान चाललंय. देव जिथे ठेवील तिथे आम्ही सुखी आहोत, आमचा काही हट्ट नाही. आप्पांना नमस्कार.

तुमची आज्ञाधारक सून

ता. क. गुडघ्याला गरम पाण्याने शेका, असं नर्सबाई सांगतात. फार कढत नको.

ता. क. दुसरा. हट्ट नाही असं वर लिहिलंय ते तेवढं वाचू नका. मोठ्या साहेबांचं पत्र आलंय. ह्यांनी घाईने पाठवलेला तो अहवाल वर सगळ्यांना फार आवडला. इतक्या छोट्या चर्चमध्ये इतकी खाती कुणीच चालवली नव्हती म्हणे! ह्यांना परत बोलावलंय, काचेच्या दाराची स्वतंत्र खोली देणार आहेत, इतर पाळकांना शिकवायला. हे ते पत्र खिशात घालून फिरतात आणि बोलत नाहीत, म्हणजे नक्कीच जायचं मनात आहे. आई, मला जायचं नाही. तिथे मी तापाने पडले होते तेव्हा खातं आलं होतं, सुंदर प्रार्थना केली, फक्त माझ्या जागी दुसऱ्याच बाईचं नाव घेतलं. (ती बरी झाली असावी.) इथे परवा नुसती शिंकले तर स्वयंपाकघरात उभं राहायला जागा उरली नाही. तर तुम्ही ह्यांना ठणकावून लिहा की शहरात जायचं नाही. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. माझं नाव कुठेही येऊ देऊ नका, आणि पत्र त्यांच्याच नावाने पाठवा.

(पाकिटाच्या मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

आई, टपालपेटीशी उभा राहून घाईत लिहितोय. आतलं वाचलेलं नाही, पाकीट चिकटवलेलं आहे. जाडी पाहता माझ्याबद्दल असावं. मोठ्या साहेबांनी मला परत बोलावलं होतं. मी मागच्याच आठवड्यात नाही म्हणून कळवलं. हिला सांगायचा धीर होत नाही, तिला शहराची फार ओढ आहे. इथलं स्वयंपाकघर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रडली होती. तूच तिला लिही की आम्ही शहरात गेलेलं तुला चालणार नाही. तुझं ती ऐकते. माझं नाव घेऊ नकोस, आणि पत्र तिच्याच नावाने पाठव. मी उघडणार नाही.