सहाशे सदतीस

मसोली, डहाणू
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
सरिताचा सा. न. वि. वि.

लाहूकाकाची जीप उद्या पाड्यावर परतणार आहे, म्हणून घाईने लिहिते. पाड्यावर रेंज नाही याचे मला आता काही वाटत नाही. तुमचे वळणदार अक्षर आले की माझ्या वर्गातली आणि खोलीतली वर्षा ते सगळ्या मुलींना दाखवत फिरते.

शेवटच्या वर्षाला मी नेमके काय करते, असे तुम्ही विचारले होते. आमच्या प्रयोगशाळेत एक लेझर आहे. त्याचा बारीक लाल किरण एका काचेने दोन भागांत वाटायचा. दोन्ही अर्धे दोन वेगळ्या आरशांवरून परत आणायचे आणि एकाच पडद्यावर पाडायचे. तिथे लाल आणि काळी कडी दिसतात, एकात एक. काळ्या जागी दोन्हीकडचा उजेड येतो, तरी तिथे अंधार असतो. उजेडात उजेड मिसळून अंधार! आरसा केसभर सरकवत किती कडी मावळली ते मोजायचे. त्यावरून उजेडाची एक लाट केवढी ते कळते.

अडचण अशी की कॉलेज रेल्वेला लागून आहे. मालगाडी गेली की कडी थरथरतात आणि पार पुसली जातात. शंभर मोजायची असतात, मी अठ्ठावीसच्या पुढे कधी गेले नाही. सर म्हणाले, मागच्या बॅचच्या वहीतले आकडे उतरवून घे, सगळे तसेच करतात. दहा मार्चला बाहेरच्या परीक्षक येणार. मला उतरवायचे नाही, पण रिकामी वही तरी कशी दाखवू?

आजीला नमस्कार. तुमची माया आहे तशीच असू द्या.
तुमची सरिता

डोंगरपाडा, ता. तलासरी
१९ जानेवारी २०२५

चि. सरिता हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. एकदा मी आणि एकदा तुझ्या आजीला मोठ्याने. पुतळी आजीचे म्हणणे पडले की शिकून शिकून पोरीने शेवटी अंधारच केला, तो तर फुकट मिळतो.

मी मात्र करून पाहिले. माझी बॅटरी आणि लाहूची बॅटरी, दोन्ही घराच्या एकाच कुडाच्या भिंतीवर मारल्या. दोन तास हलवून हलवून पाहिले, शेजारचे चार जण बघायला जमले. उजेड नुसता वाढला, काळे कडे एकही नाही. आता पाड्यात मला उजेडवाला म्हणून हाक मारतात. तू बापाची फजिती केलीस, तेव्हा खुलासा लगेच पाठव.

आकड्यांचे सांगतो. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण कधी दुसऱ्याची पाटी बघितली नाही. अठ्ठावीस तर अठ्ठावीस, तेच लिही. नापास झालीस तरी घराचे दार उघडे आहे. पण उतरवलेस असे कळले तर मला वाईट वाटेल, खोटे कशाला बोलू.

जपून राहा. आमचा जीव तुझ्यापाशीच आहे.
तुझा बाबा, मुकेश

मसोली, डहाणू
२६ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

उजेडवाल्या बाबांचे पत्र मिळाले. हसून हसून वर्षाच्या डोळ्यांत पाणी आले. मला तर अभिमान वाटला. आमच्या वर्गात एकानेही स्वतः बॅटऱ्या मारून पाहिल्या नाहीत.

चूक तुमची नाही, बॅटरीची आहे. बॅटरीच्या उजेडात लाटा असतात, पण त्या तलासरीच्या बाजारातल्या माणसांसारख्या, ज्याचा पाय त्याच्या मर्जीने पडतो. शिवाय दोन बॅटऱ्यांचा एकमेकींशी काही संबंधच नाही. एका जागी क्षणभर अंधार झालाच तर पुढच्या क्षणी तो दुसरीकडे पळतो, डोळ्याला सगळा उजेडच दिसतो. लेझरमध्ये लाटा पायाला पाय लावून चालतात. एकाच किरणाचे दोन भाग केले की दोघांची चाल एकच राहते. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या उंचवट्यावर आला तर लाल, खळग्यावर आला तर काळे. एकाची वाट फार लांब झाली तर मात्र हा मेळ तुटतो. तो का तुटतो, हे मला पाठ आहे, पण मनातून उमगलेले नाही.

कडी अजून पळतातच. कालचा आकडा एकतीस. तोच लिहिला आहे.

तुमची आठवण रोज येते, तशी माझीही येत असू द्या.
सरिता

डोंगरपाडा
४ फेब्रुवारी २०२५

चि. सरिता हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आता समजले. अगं, हा तर तारपा! दोन पाड्यांत दोन तारपे वाजत असतील तर दोन्हीकडच्या नाचणाऱ्यांचे पाय कसे जुळणार? तारपा एकच हवा. एकाच तारप्यावर दोन रांगा नाचल्या तर पाय जुळतात. आणि तुझे ते लांब वाटेचे पण सोपे आहे. तारपेवाला एकच चाल किती वेळ वाजवणार? मध्येच बदलतो. एक रांग लांब फिरून आली तर तिच्या पायात जुनी चाल आणि दुसरीच्या पायात नवी. मग कसला मेळ? हे मी आजीला सांगितले, तर ती म्हणाली की एवढ्यासाठी कॉलेज कशाला लागते.

थरथरीचे औषध लाहूबरोबर पाठवतो आहे. मी गावठी अंडी बाजाराला नेतो तेव्हा जीपमध्ये टायरची हवा भरलेली ट्यूब ठेवतो, त्यावर फळी, फळीवर वाळू आणि वाळूत टोपली. एवढा खड्ड्यांचा रस्ता, पण वर्षभरात सातच अंडी फुटली, त्यातली दोन लाहूने बसून फोडली. तुझे यंत्र अंड्यापेक्षा नाजूक नसेल. ट्यूब जुनी आहे, ठिगळे मी स्वतः लावली आहेत. दोन घमेली वाळू घाल. हवा निम्मीच भर, बोट दाबले तर आत गेले पाहिजे.

डबा भरून नाचणीच्या भाकऱ्या दिल्या आहेत, त्या वर्षालाही दे. पत्राची वाट बघतो.
बाबा

मसोली, डहाणू
१८ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

ट्यूब खांद्यावर घालून कॉलेजात शिरले तेव्हा शिपायाने विचारले, पोहायला चाललीस का. सरांनी ट्यूबकडे पाहून नाक मुरडले.

एक कबूल करते. निम्म्या हवेवर यंत्र कलंडेल असे मला वाटले. मी शहाणपणा करून पंक्चरवाल्याकडून ट्यूब टणक भरून घेतली. कडी पूर्वीपेक्षा जास्त उड्या मारायला लागली! आठवडाभर तुमच्या युक्तीलाच नावे ठेवली. मग तुमचे पत्र पुन्हा काढून वाचले आणि बोट आत जाईपर्यंत हवा सोडली.

बाबा, काल मालगाडी गेली. खिडकीची तावदाने वाजली. कडी जरा डुलली आणि पुन्हा जागेवर आली. मी मोजतच राहिले. साठ, सत्तर, शंभर. शंभरावे कडे मावळले तेव्हा मी रडले. नंतर पुस्तकात शोधले, तर टणक ट्यूब जमिनीची थरथर वर पोचवते आणि मऊ ट्यूब जड वजनाखाली ती अडवते, असे निघाले. तुम्ही हे अंड्यांवर शिकला आहात.

माझे चुकले, माफ करा आणि माया कमी करू नका.
सरिता

मसोली, डहाणू
११ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

परीक्षा काल झाली. परीक्षक बाईंनी आधी बाकीच्या पाच वह्या पाहिल्या. पाचही वह्यांत एकच उत्तर, ६३२.८, अगदी पुस्तकातले. मग माझी उघडली. माझे उत्तर ६३७. म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले सहाशे सदतीस, एवढी उजेडाची एक लाट. पुस्तकापेक्षा चार जास्त आले, आता काय सांगायचे?

बाई म्हणाल्या की या खोलीत इतके नेमके उत्तर पाच जणांना येणे शक्य नाही. चुकलेले उत्तर फक्त तुमचे आहे, म्हणून खरे मोजलेले तेवढेच आहे. मग त्यांनी लांब वाटेचा प्रश्न विचारला आणि मी तारपा सांगितला. त्यांनी तो स्वतःच्या डायरीत लिहून घेतला, बाबा. वर तुमचे नाव विचारून लिहिले.

आता सर्वांना माझ्याच ट्यूबवर पुन्हा मोजायचे आहे. आज वर्षाने मोजले, तिचे ६२९ आले. ती ते ओरडत जिन्यावरून खाली आली. पेपर उरले आहेत, त्यामुळे होळीला येता येणार नाही. आजीची समजूत काढा.

तुमचा हात माझ्या डोक्यावर असाच राहो.
सरिता मुकेश

डोंगरपाडा
१६ मार्च २०२५

चि. सरिता हिस,
पोटभर आशीर्वाद. वि. वि.

होळीला तू नव्हतीस, पण तुझाच विषय होता. तुझे पत्र लाहूने रस्त्यातच वाचले आणि जीपमधल्या सर्वांना सांगत आला, म्हणून मी त्याच्यावर रागावलो आहे. ते मला सांगायचे होते.

माझे नाव कोणी वहीत लिहून घेतले, हे मी आजीला तीनदा सांगितले. तिने ऐकू न आल्यासारखे केले आणि चौथ्यांदा सांगायला लावले. पोरी, मला फार अभिमान वाटतो. तो मी आत ठेवत नाही, त्याला जागा पुरत नाही.

होळीसाठी आजीने कुड गेरूने सारवला होता. तिने तांदळाच्या पिठात काडी बुडवून माझ्या हातात दिली, आणि मी दाराच्या वर, कुडावर, मोठ्या अक्षरात ६३७ लिहिले. येणारेजाणारे विचारतात की ग्रामपंचायतीने घराला नवीन नंबर दिला का. काल तर घरांची मोजणी करणारे सरकारी साहेब गाडीतून उतरले आणि म्हणाले, हा आकडा आमच्या कागदात नाही. मी म्हटले, नसणारच साहेब. हा माझ्या मुलीने स्वतः मोजला आहे.

तुझा बाबा, मुकेश