याग्टटिगरच्या पाटीवरील ‘न लढता’ हे शब्द

प्रति,
मा. संचालक,
युद्धवाहन संग्रहालय, हाल्डेनब्रुख

विषय : दालन क्र. ३ मधील ‘याग्टटिगर’ या रणगाडाभेदी गाडीच्या माहितीफलकात दुरुस्ती करणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपली तीन उत्तरे.

महोदय,

मी, वाल्ट्राउट शुरहोल्त्स, वय ८२, राहणार एल्मेनरोडे, पुन्हा एकदा अर्ज करते की, सदर फलकावर ‘इंधन संपल्याने चालकदलाने न लढता टाकून दिलेले वाहन’ असा मजकूर आहे. ही गाडी एप्रिल १९४५ मध्ये आमच्याच घराच्या भिंतीला खेटून बंद पडली होती.

इंधन संपले हे खरे. अशी गाडी शत्रूच्या हाती न देता उडवून टाकावी, असा हुकूम होता. गाडीत दारूगोळा ठासून भरलेला होता आणि वर माडीवर माझी आई बाळंतपणात अडली होती. सुईण खाली येऊन म्हणाली, “बाईला आत्ता हलवलंत तर दोन्ही जीव जातील.” गाडीचा प्रमुख सार्जंट एगबर्ट लिंडहोर्स्ट, जेमतेम बावीस वर्षांचा. चालक त्याच्यावर खेकसला, “अरे, गाडी शाबूत सापडली तर तुला सोडतील का आपलेच लोक?” तो म्हणाला, “मला विचारतील ना? मग तुम्ही निघा.” सुरुंगाच्या वाती त्याने ओढ्यात फेकल्या आणि दुसऱ्या कोणी येऊन गाडी उडवू नये म्हणून आमच्या पायरीवर बसून राहिला. मुलगा झाल्याचे सुईणीने खिडकीतून ओरडून सांगितले, तेव्हा तो हसला. ते हसू मी पाहिले आहे. दुपारी आपलेच लष्करी पोलीस आले आणि त्यांनी त्याला लाकडाच्या वखारीमागे नेऊन गोळी घातली.

आपले पहिले उत्तर : फलकावर केवळ तांत्रिक माहिती देतात. ‘न लढता’ ही तांत्रिक माहिती कशी, हे मला अद्याप उमगलेले नाही. दुसरे उत्तर : घटनेसमयी सज्ञान असलेला साक्षीदार हजर करावा. ते सर्व आता दफनभूमीत आहेत. तिसरे उत्तर : प्रकरण समितीकडे सोपविले आहे. चौकशीअंती समिती बरखास्त झाल्याचे समजले.

गेल्या रविवारी धाकट्या भावाला संग्रहालयात आणले. त्याने फलक वाचला आणि विचारले, “म्हणजे माझ्यासाठी मेला तो भित्रा होता म्हणायचं का गं, ताई?”

स्मारक नको, नावाची पाटीही नको. ‘न लढता’ एवढे दोन शब्द काढावेत. जागा कोरी राहिली तरी माझी हरकत नाही.

यापुढे खेटे घालणे पायांना झेपत नाही, सबब उत्तर भावाच्या नावे पाठवावे. आईने त्याचे नाव एगबर्टच ठेवले आहे. पाकिटावर तरी आपल्या कार्यालयाला ते लिहावे लागेल.

आपली थकलेली, नम्र,
वाल्ट्राउट शुरहोल्त्स
एल्मेनरोडे, ११ मार्च २०१९