अकरावा पेला

बाबा,

तुमचा पेल्यांचा ट्रे काल वरच्या फळीवरून काढला. अकरा पेले आहेत, स्टीलचे, त्यातले तीन काठाला चेमटलेले. आपल्यात माणसं मोजू नयेत, म्हणून माणसांऐवजी पेले मोजायला तुम्ही शुक्रवारी मनुकांचं शरबत करून दहा पेल्यांत ओतायचात आणि अकरावा रिकामाच ठेवायचात. कुणी विचारलं तर, "येईल कोणीतरी." दहा पुरुष जमल्याशिवाय आपली यहुद्यांची प्रार्थना पुरी होत नाही, आणि अख्ख्या नांदेड-लातुरात आपली घरं बोटांवर मोजण्याएवढी. तुम्ही एसटीच्या वर्कशॉपात लागलात म्हणून कोकण सोडून इकडे नांदेडला आलात आणि भाड्याच्या घराच्या समोरच्या खोलीचंच सिनेगॉग केलंत. दाराच्या चौकटीवर मजूजा, म्हणजे पवित्र वचनाची डबी, पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून सतरंजी, आणि बाहेरगावच्यांना शनिवार संध्याकाळपर्यंत अंथरूण. "हे आपलं बेट," असं म्हणायचात.

रेणापूरचे शिलाई मशीनवाले पहिल्यांदा आले तो दिवस मला लख्ख दिसतो. चपला हातात घेऊन दारातच उभे आहेत. वडील आपल्यातले, पण लहानपणीच गेलेले; आई तिथल्याच शेतकरी घरातली. बापाच्या तोंडून ऐकलेलं एकच स्तोत्र त्यांना येत होतं. "आत येऊ का साहेब? माझी माय तुमच्यातली न्हाई." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही अकरावा पेला भरलात. आई आपल्यातली नसेल तर माणूस आपल्यातला धरत नाहीत, असा रात्री मी वाद घातला, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "आपले पूर्वज फुटक्या जहाजातून किनाऱ्याला लागले, तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही, तुमची आई कोण म्हणून."

मला ते पटलं नव्हतं. मी दहावी नापास, पण जळालेल्या मोटारींत तारेचे वेढे भरायला स्वतः शिकलो, आणि हिब्रूसुद्धा. तुम्हाला सगळं पाठ होतं, अक्षर वाचता येत नव्हतं. मी जुनं पुस्तक घेऊन अक्षर अन् अक्षर लावलं, चार माणसांत तुमच्या चुकाही काढल्या. तुम्ही हसून म्हणालात, "बरं, आता तूच पुढे उभा राहा."

तुम्ही गेलात त्याला वर्ष झालं, त्या शुक्रवारी तुमच्यासाठी कद्दिश, गेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणायची होती. त्यालाही दहा लागतात. आपले नऊ जमले. दहावे रेणापूरचे, दोन बस बदलून आलेले, मलिद्याच्या नैवेद्यासाठी मोंढ्यातून अर्धापूरची केळी घेऊन. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुम्ही बसा, पण दहांत तुम्हाला धरता येत नाही. नियम आहे."

जमलेल्यांतले लातूरचे काका भडकले. "अरे, बापाचा दिवस हाय आज! माणसं मोजायलास का मोटारीचे वेढे?"

"एक वेढा कमी पडला तर मोटार जळते, काका."

या उत्तराचा मला कितीतरी दिवस अभिमान होता, बाबा.

रेणापूरवाले उठले. "बराबर हाय त्यांचं. केळी तेवढी ठेवून घ्या. साहेबाला लई आवडायची." बाहेर पायरीवर जाऊन बसले. आत आम्ही नऊच उरलो. तुमची कद्दिश झाली नाही. मी बाहेर येऊन बघतो तर पायरी रिकामी. पुढच्या शुक्रवारी लातूरचे काका आले नाहीत, त्यांच्या मागोमाग त्यांचे दोघं भाऊ आले नाहीत. मग आणखी दोघं गळले; आता आम्ही चौघं असतो. नऊ वर्षं झाली. उच्चार एकही चुकत नाही.

परवा रेणापूरला गेलो. बसमध्ये सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं. ते मशीनला तेल देत होते, केस पांढरे झालेत. वर न बघताच म्हणाले, "या. किती जण हायत आता?"

"चार."

"मला धरून?"

जुळवलेलं सगळं विसरलो. "तुम्हाला धरून पाच."

ते हसले. "मग लई काम हाय आपल्याला. पाचांत कद्दिश होत न्हाई, तुम्हीच सांगितलेलं." माफी मागायची राहिली ती राहिलीच. चहा मात्र त्यांनीच पाजला. आज येतो म्हणालेत. येताना लातुरात काकांकडे डोकावतो, असंही म्हणालेत.

आज शुक्रवार, अंधार पडला की शब्बाथ लागतो आणि लिहायचं नसतं; त्याच्या आत पेन खाली ठेवायला हवं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहिता येतेय. नियम पुस्तकात आहे, पान उघडून दाखवीन. पण त्या दिवशी माझ्या मनात नियम नव्हता. रेणापूरवाले त्यांचं एकुलतं एक स्तोत्र म्हणायचे, सुरात नाही, शब्द मोडके, आणि तुम्ही डोळे मिटून डुलायचात. मी पुढे उभा राहून एवढं बिनचूक वाचायचो. वाचता वाचता चोरून तुमच्याकडे बघायचो, बाबा. तुमचे डोळे उघडे असायचे.